मनोऱ्याच्या टोकावरून

तालमीला आम्ही तंबूबाहेर उभे राहायचो.
खाली पाच, त्यांच्यावर तिघं,
तिघांवर हैबती,
आणि हैबतीच्या खांद्यांवर मी,
वय आठ, वजन मालकांच्या भाषेत
अर्धा मण, पोत्यासकट.
तिथून तासगावच्या गणपतीचं गोपूर
मला जवळजवळ बरोबरीचं वाटायचं.

पहिल्या वर्षी लढाई फक्त वर्तमानपत्रात होती.
मग ती रॉकेलच्या डब्यात शिरली.
मग रेल्वेत : वाघिणी मिळणार नाहीत, सगळ्या लष्कराला.
(आमची वाघीण वेगळी, ती पिंजऱ्यात होती,
तिला कुणी मागितलं नाही.)
कराचीपासून रंगूनपर्यंत फिरलेली सर्कस
भिलवडी स्टेशनाच्या अलीकडंच अडकली.

तंबू कंत्राटदाराच्या बैलगाड्यांतून गेला.
त्याच्या म्हणे शिपायांना राहुट्या होणार.
खांब तेवढे उरले,
आभाळाला टेकू दिल्यासारखे.
रॉकेल नाही म्हणून खेळ अष्टमीपासून पुनवेपर्यंत,
चंद्राच्या भरवशावर.
तिकिटाला शेरभर जोंधळा, नाहीतर चार वांगी,
एका म्हातारीनं दोन शेणी दिल्या आणि पहिल्या रांगेत बसली.
कनात नव्हती. फुकटे बांधावरून बघायचे
आणि टाळ्या तेच जोरात वाजवायचे.

घोडी न्यायला साहेब आला.
दात बघितले, खूर बघितले.
लवंगीला कुणी सांगितलं नाही की हा खेळ नाही.
मिरजेच्या फलाटावर कुठल्याशा पलटणीचा बँड वाजला
आणि तिनं चढता चढता, फळीवरच,
पुढचे गुडघे टेकून सलाम केला.
साहेब हसला.
पोचवायला गेलेल्यांपैकी कुणी नाही.

भरतीवाल्यांना आमची माणसं फार आवडली.
तयार छात्या, तयार मांड्या,
वर रोज भूक लागणारी.
खालच्या रांगेतला दौलू गेला, पाठोपाठ त्याचा भाऊ.
पाचाचे तीन झाले, तिघांचे दोन.
मी अजून सर्वांत वरच होतो,
वरच खाली येत चाललं होतं.
कळस गेला, मग मधले मजले,
शेवटी गोपुराचा नुसता दरवाजा
आणि त्यातून ये-जा करणाऱ्यांच्या टोप्या.

हैबती साताऱ्याला जाऊन नाव घालून आला.
गोजराक्का तरी झोक्यावर चढायची,
आठ-दहा हेलकावे घ्यायची, हात सोडायची नाही.
समोरचा झोका रिकामाच येत-जात राहायचा.
लोक ओरडले, तेव्हा वरूनच म्हणाली,
“सोडायला काय लागतंय? धरणारं लागतं.”

महिन्याला त्याची बारा रुपयांची मनिऑर्डर.
चिठोऱ्यावर एकच ओळ :
पोराला दूध, उरलं तर वाघिणीला खाटकाकडचं काही.
मालकांनी क्रम उलटा केला.
मी तक्रार केली नाही.
ती माझ्याहून भुकेली होती,
आणि तिला भरती होता येत नव्हतं.

शेवटी शेवटी मनोरा म्हणजे इसाक आणि मी.
इसाक मिरजेचा, विदूषक,
चांदण्यात त्याचं तोंड कुणाला दिसत नसे,
लावलेली सफेदी तेवढी चमकायची.
त्याचे गुडघे वाजायचे.
लोकांना तो विनोद वाटायचा.

लढाई संपली म्हणून शाळेत पेढे वाटले
तेव्हा मनिऑर्डर थांबून चार महिने झाले होते.
पोस्टाची चूक, मालक म्हणाले.
पोस्टाच्या चुका होतात, गोजराक्का म्हणाली,
आणि दोर तपासत बसली.

मी तेव्हा तेराचा, सव्वा मणाचा.
“आता तू खाली,” मालक म्हणाले.
माळावर पाय रोवले. कुठून तरी आणलेलं
नवं पोर पाठीवरून चढलं,
तळवे गार, ओले, थरथरणारे.
गोजराक्का खांबाशी उभी होती, बघत नसल्यासारखी.

“काय दिसतंय?” मी विचारलं.
“रस्ता.”
“कोण येतंय का?”
“लांब हाय,” पोर म्हणालं. “हलू नका.”